कार्बन पुरायचा, पण आधी तपासायचा

कार्बन कॅप्चर म्हटलं की दोनच प्रश्न येतात: गॅस पकडायचा कसा आणि पुरायचा कुठे? मधल्या प्रवासाबद्दल कुणी फारसं विचारत नाही. मी सॉफ्टवेअरवाला, गॅस ॲनालायझरच्या डेटावर काम करतो. त्यामुळे मला नेमका तो मधलाच भाग दिसत राहतो. आज त्याबद्दल बोलू.

उदाहरण नॉर्वेचं घेऊ. तिथल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात वर्षाला सुमारे ४ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडायची सोय आहे. तो थंड करून, दाबाखाली द्रवरूपात जहाजात भरतात. जहाज बर्गनजवळच्या टर्मिनलला येतं. तिथून सुमारे १०० किलोमीटर पाइपलाइन आणि मग समुद्रतळाखाली साधारण २,६०० मीटरवरचा खडक. प्रकल्पाचं नाव नॉर्दर्न लाइट्स. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिला गॅस खाली गेला.

आता गंमत बघा. कोरडा कार्बन डायऑक्साइड साध्या पोलादाला काही करत नाही. पाणी सुटं झालं की मात्र कार्बोनिक ॲसिड बनतं आणि पाइप गंजायला लागतो. म्हणून पाण्याची मर्यादा ३० पीपीएम, म्हणजे दहा लाख रेणूंमागे ३०. ऑक्सिजनची १०.

मग प्रत्येक आकडा मर्यादेत असला की झालं? नाही. खरी मेख इथेच आहे. चिमणीतून आलेल्या वायूत सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड थोडे उरतात. पाण्याबरोबर ते एकत्र आले की सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं. दुसऱ्या कारखान्याच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असेल, तर नायट्रोजन डायऑक्साइडशी त्याची क्रिया होऊन नवीन पाणीच तयार होतं! म्हणजे दोघांचेही रिपोर्ट पास, पण एका टाकीत मिसळल्यावर भांडण. नॉर्दर्न लाइट्सने नायट्रोजन ऑक्साइड्सची मर्यादा १० वरून १.५ पीपीएमवर आणली, यावरून किती काटेकोर राहावं लागतं ते कळतं.

मोजणंही सोपं नाही. द्रवाचा नमुना घेताना दाब एकदम उतरला तर तो इतका गार होतो की नळीत ड्राय आइस अडकतो. म्हणून नमुना गरम करत, सांभाळून वायूरूपात आणायचा. पाण्याचे रेणू नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा उशिरा हलतो. गॅस क्रोमॅटोग्राफला एका फेरीला काही मिनिटं लागतात. लेझरवाला ॲनालायझर झटपट सांगतो, पण तो ठरावीक घटकांपुरताच.

म्हणून माझं म्हणणं असं: प्रत्येक घटकाला वेगळा अलार्म लावून भागत नाही. सॉफ्टवेअरने घटकांच्या जोड्या एकत्र बघायला हव्यात. आणि मोजमाप मिसळण्याआधी, प्रत्येक कारखान्याच्या दारातच व्हायला हवं. एकदा टाकीत गेलं की कुणाचा गॅस खराब होता हे शोधणं फार अवघड. समुद्राखालची पाइपलाइन गंजली तर दुरुस्तीचा खर्च अफाट, आणि तोवर पकडलेला गॅस पुन्हा हवेत सोडायची वेळ येते. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात!

तेव्हा पुढच्या वेळी ‘इतके लाख टन कार्बन पुरला’ अशी बातमी वाचलीत, तर एक प्रश्न जरूर विचारा: त्यात आणखी काय काय होतं, आणि ते कुणी मोजलं?

भेटू पुढच्या भागात.