दुसरा संसार आणि पहिल्याची पोटगी
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय आपण एरवी पॉटलकच्या रांगेत, दबक्या आवाजात बोलतो. आज तो माइकवर बोलायचा आहे. घटस्फोट झालाय, पहिल्या घरी पोटगी चालू आहे आणि आता नवं लग्न ठरतंय. अशा वेळी पैशाची आखणी कशी करायची? मी वकील नाही, टॅक्सची कामं करणारा माणूस आहे. आपण कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून इथलेच नियम सांगतो. तुमच्या निकालपत्रात काय लिहिलंय ते मात्र वकिलाकडूनच समजून घ्या.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो, "मी लग्न केलं की पोटगी कमी होईल ना?" नाही होत. स्पाउझल सपोर्ट घेणाऱ्या व्यक्तीने पुन्हा लग्न केलं, तर तो साधारणपणे थांबतो. देणाऱ्याने बोहल्यावर चढून काही थांबत नाही. नोकरी गेली, पगार घटला, तर कोर्टात अर्ज करता येतो. पण रक्कम कमी झालीच, तर फार तर अर्जाच्या तारखेपासून होते, त्याआधीच्या महिन्यांची नाही. थकलेल्या रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज चढतं. म्हणजे "आधी हप्ते थांबवू, मग बघू" हा सगळ्यात महागडा मार्ग! मुलांच्या चाइल्ड सपोर्टची थकबाकी २,५०० डॉलर्सच्या वर गेली, तर अमेरिकन पासपोर्टही अडू शकतो. मग डिसेंबरची पुण्याची तिकिटं राहतात ड्रॉवरमध्ये. आणि २०१८ नंतर झालेल्या घटस्फोटांत स्पाउझल सपोर्टवर फेडरल टॅक्समध्ये वजावट मिळत नाही, हेही बजेटमध्ये धरा.

दुसरा प्रश्न नव्या बायकोचा असतो, आणि तो बहुधा ती नवऱ्यासमोर विचारत नाही. "माझ्या पगारातून त्यांची पोटगी जाणार का हो?" नवरा जो स्पाउझल सपोर्ट देतो त्याची रक्कम ठरवताना कोर्ट नव्या बायकोचं उत्पन्न धरत नाही. चाइल्ड सपोर्टमध्येही अगदी अपवाद सोडला तर नाही. वसुली ही मात्र वेगळी गोष्ट आहे. थकबाकी झाली, तर लग्नानंतर दोघांनी मिळवलेल्या सामाईक मालमत्तेपर्यंत, म्हणजे कम्युनिटी प्रॉपर्टीपर्यंत, ती पोचू शकते. बायकोच्या कमाईला कायद्याने संरक्षण दिलंय, पण अटीवर. तो पैसा अशा खात्यात हवा, ज्यातून नवऱ्याला काढता येत नाही आणि ज्यात दुसरा सामाईक पैसा मिसळलेला नाही. जॉइंट अकाउंटमध्ये पडला की संरक्षण गेलं.

इथे आपलं मराठी मन अडतं. "एका चुलीचा संसार आणि खाती वेगळी?" अहो, चूल एकच ठेवा, डबे वेगळे ठेवा! एक खातं त्याचं, त्यातूनच पोटगी जावी. एक तिचं. आणि घरखर्चाचं तिसरं, दोघांचं. टॅक्स रिटर्नचंही तसंच. एकत्र भरलेल्या रिटर्नचा फेडरल रिफंड चाइल्ड सपोर्टच्या थकबाकीपोटी वळवला जाऊ शकतो. फॉर्म ८३७९ भरून बायकोला आपला हिस्सा मागता येतो, पण तो हिस्सा ठरवताना पुन्हा कम्युनिटी प्रॉपर्टीचे नियम लागतात. ठाण्याचा वडिलोपार्जित फ्लॅट तिच्या नावावर आला असेल तर तो तिचा. त्याचं भाडंही तिचंच. फक्त ते सामाईक खात्यात ओतू नका.

तिसरी गोष्ट प्रीनप. नाव ऐकलं की लोक कानावर हात ठेवतात. पण आपल्याकडे लग्नाआधी याद्या होतच होत्या ना? कोणी काय द्यायचं, कोणी काय करायचं, ते कागदावर लिहून दोन्हीकडच्यांच्या सह्या! प्रीनप म्हणजे याद्याच समजा, फक्त मानपानाऐवजी मालमत्ता आणि कर्जं. त्यात पोटगीचा आकडा आणि तिची मुदत स्वच्छ लिहा. अंतिम मसुदा हाती आल्यापासून सही होईपर्यंत किमान ७ दिवस जावे लागतात, त्यामुळे हळदीच्या दिवशी कागद पुढे करू नका. दोघांचे वकील वेगळे असावेत. एक लक्षात ठेवा, पहिल्या बायकोचे किंवा मुलांचे हक्क या कागदाने तसूभरही कमी होत नाहीत.

चौथी गोष्ट वारसाची. वॉशिंग्टन राज्यातला, बोइंगमध्ये काम करणारा डेव्हिड एगलहॉफ १९९४ मध्ये घटस्फोटानंतर थोड्याच महिन्यांत वारला. नोकरीतल्या विम्यावर आणि पेन्शनवर बेनिफिशियरी म्हणून घटस्फोटित पत्नीचंच नाव राहिलेलं. आधीच्या लग्नाची मुलं सुप्रीम कोर्टापर्यंत लढली. २००१ मध्ये निकाल लागला, फॉर्मवरचं नाव खरं! नुसता विमाच ४६,००० डॉलर्सचा होता.

४०१(के)मध्ये उलटी गंमत आहे. बहुतेक योजनांत नव्या लग्नानंतर नवी बायको आपोआप वारस ठरते. पैसे पहिल्या मुलांना जावेत असं वाटत असेल, तर तिची लेखी संमती लग्नानंतर घ्यावी लागते. प्रीनपवरची सही तिथे चालत नाही. आणि विम्यावरचं नाव बदलण्याआधी निकालपत्र वाचा. पोटगीच्या सुरक्षेसाठी ती पॉलिसी पहिल्या घराच्या नावे ठेवण्याचा हुकूम त्यात असू शकतो.

मंडळी, पोटगी या शब्दातच पोट आहे. त्या पैशावर कुणाचं दूध, कुणाची शाळेची फी, कुणाचं घरभाडं चालतं. ते बुडवण्याच्या युक्त्या मी सांगितल्या नाहीत, सांगणारही नाही. आकडे लपवले की दोन्ही घरं धोक्यात येतात. आकडे उघड करून, वेळेवर भरून, उरलेल्यात नवा संसार बसवला, तर दोन्ही उभी राहतात. ज्यांचं लग्न ठरतंय त्यांनी हॉल बुक करण्याआधी एक संध्याकाळ काढावी. निकालपत्र, पगाराची स्लिप आणि बेनिफिशियरीचे फॉर्म टेबलावर ठेवून दोघांनी बसावं. तेवढ्या एका संध्याकाळी जे लग्न टिकतं, ते पुढेही टिकतं.