काका, आवाज जरा कमी करता का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्या श्रवण मंडळाविषयी दहा मिनिटं बोला, असं समितीने मला सांगितलं. बँकेत आयुष्य गेल्यामुळे वेळ आणि हिशोब दोन्ही पाळायची सवय आहे. पण या मंडळाच्या हिशोबात माझ्या नावे एक जुनी बाकी आहे. ती आज सर्वांसमक्ष चुकती करणार आहे.

आधी मंडळ म्हणजे काय ते सांगतो. आम्ही सात-आठ जण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर जुन्या रेकॉर्ड ऐकतो. यात आम्ही काही नवीन केलं असं नाही. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली. तबकड्या जमवणारे लोक तिथे एकत्र बसून ऐकत. एकट्याने ऐकण्यात अर्धीच मजा, हे त्यांनी ओळखलं होतं. आमचं मंडळ म्हणजे त्याच कल्पनेचं जालन्यातलं छोटं रोप.

मुलांनी व्हॉल्व्ह पाहिला नसेल. काचेची एक बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली. आत एक तार तापते. त्या उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक बारीक जाळी असते. कालव्याचं दार थोडं वर-खाली केलं की पाण्याचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो, तसं त्या जाळीवरचा इवलासा संदेश मोठ्या प्रवाहाला नाचवतो. दोन भागांचा व्हॉल्व्ह फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये केला. दोनच वर्षांनी ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा भाग, म्हणजे ती जाळी, घातली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढे व्हॉल्व्ह मागे पडले. एके काळी आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही ते बनत. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधले दोन तिथलेच आहेत.

माझी त्यांच्याशी ओळख लहानपणची. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. आमच्या वाड्यात एकच रेडिओ, तोही मालकांकडे. बटण दाबलं की लगेच आवाज येत नसे. आधी हिरवा डोळा उजळायचा, मग अर्ध्या मिनिटाने लांबून आल्यासारखा आवाज. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची. आम्ही पोरं साडेसातलाच ओसरीवर जागा धरून बसायचो. मालकीणबाई ओरडायच्या, "मेल्यांनो, चपला तरी बाहेर काढा!" पण उठवायच्या नाहीत.

निवृत्तीनंतर तो आवाज परत हवासा वाटला. एका जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या मदतीने मी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करून घेतला. दहा-बारा वॅटचा. उचलायला मात्र दोन माणसं लागतात, कारण ट्रान्सफॉर्मर जड. आपल्या गावचं व्होल्टेज बघता सोबत स्टॅबिलायझरही आला. मग मित्र जमले. शनिवारी दुपारी माझ्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, मैफल सुरू झाली.

आणि सोसायटीकडे लेखी तक्रार आली.

गंमत अशी, की त्या वर्षी मीच समितीवर होतो. आलेला अर्ज मीच फाईलला लावला. अर्जदार खालच्याच मजल्यावरचे तरुण इंजिनिअर. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात रात्रपाळी, दिवसा झोप. त्याआधी दोनदा जिन्यात भेटून त्यांनी नम्रपणे विचारलं होतं, "काका, आवाज जरा कमी करता का?" मी काय उत्तर दिलं? "अहो, दहा वॅटचं यंत्र आहे, डीजे नाही!" तक्रारीनंतर तर बोलणंच बंद. लिफ्टमध्ये भेटलो तर दोघंही आकड्यांकडे बघत उभे. त्यांची छोटी मुलगी मला 'आजोबा' म्हणायची, तीही गप्प झाली. असे सहा महिने गेले.

तो तिढा सुटला एका पैजेमुळे. मंडळात कायमचा वाद असे, व्हॉल्व्हचा आवाज खरंच गोड, की आपली समजूत? एकाने सुचवलं, की पडदा लावून परीक्षा घेऊ. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. पण दोन्हींचा आवाज अगदी सारखा हवा, कारण जो किंचित मोठा तोच कानाला बरा वाटतो. मोजमाप कोण करणार? इंजिनिअर माणूस एकच. सौ. म्हणाल्या, "आता तरी जा, त्यांना बोलवा." मी खाली जाऊन बेल वाजवली. सहा महिन्यांचा हट्ट, उतरायला मोजून अठरा पायऱ्या लागल्या.

ते आले. मोबाईलवर आवाज मोजून दोन्ही यंत्रं जुळवली. दहा रेकॉर्ड लावल्या. मी व्हॉल्व्हचा पुरस्कर्ता, माझी दहापैकी चार उत्तरं बरोबर! नाणं उडवून सांगितलं असतं तरी पाच आली असती. बाकीच्यांचीही तीच गत.

पण त्यांनी दुसरंच काही टिपलं होतं. सगळे गेल्यावर हळूच म्हणाले, "काका, रागावू नका. प्रत्येक गाण्याला तुम्ही आवाज वाढवायला सांगत होता, बाकी कुणी नाही. एकदा कान तपासून घ्या ना."

मला राग आलाच. रात्रभर झोप नाही. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख काढून दाखवला. खालचे सूर ठीक, वरचे घसरत गेलेले. वयाने असंच होतं. 'स', 'श' यांसारखी अक्षरं आधी पुसट होतात. शब्द नीट कळावेत म्हणून मी आवाज वाढवत होतो. त्याबरोबर ठेकाही वाढायचा. आणि भारी ठेका स्लॅबमधून थेट खाली, त्या झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. यंत्राचा दोष नव्हता, त्यांचाही नव्हता. दोष माझ्या कानात होता, आणि त्याहून जास्त माझ्या ताठ्यात.

आता कानाला यंत्र आहे. आमच्या सौ. म्हणतात, की हे दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, म्हणजे भाजी आणायला मला तीनदा सांगावं लागलं नसतं! मैफल आता तळमजल्याच्या हॉलमध्ये, संध्याकाळी सहाला होते. आवाजाचं बटण इंजिनिअरसाहेबांच्या लेकीच्या ताब्यात आहे. ती बोट वर करील तेवढाच आवाज.

मग व्हॉल्व्ह कशाला, असं कुणी विचारील. त्या गोडव्याला काही आधार आहे. व्हॉल्व्ह मूळ सुरात त्याचाच वरच्या सप्तकातला सूर किंचित मिसळतो, असं जाणकार सांगतात. पण परीक्षेत मी नापास झालो, तेव्हा त्यावर फार बोलत नाही. मला आवडतं ते सुरुवातीचं अर्ध मिनिट. बटण दाबलेलं असतं, काचेत तांबूस उजेड येत असतो आणि सगळे गप्प बसून वाट बघत असतात. वाड्यातल्या ओसरीवर बसायचो, तसं.

पंचवीस वर्षांत आपण गेट, लिफ्ट, कॅमेरे सगळं केलं. चांगलंच झालं. पण खालच्या माणसाची झोप मला कॅमेऱ्यात दिसली नसती. ती त्यानेच येऊन सांगावी लागली, आणि मी ऐकावी लागली.

त्या इंजिनिअरसाहेबांची मी आज इथे जाहीर माफी मागतो. ते पहिल्या रांगेत बसले आहेत. बाकी चुकती झाली, असं समजावं.

दुसऱ्या शनिवारी सर्वांनी जरूर या. मुलांनो, यंत्र लांबून बघा. आत तीनशे व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही काही वेळ राहतात. आणि हो, चपला बाहेर काढा!