मांजराचा मधुमेह आणि इन्सुलिन

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मांजराला साखर होते आणि तिच्यासाठी घरी सुई टोचतात, हे ऐकून आमच्या आळीत पुष्कळजणी पदराआड हसल्या. एकीने तर सल्ला दिला, "मिरकरवाड्याला बंदरावर सोडून या, मासळी खाऊन जगेल." पण असल्या मांजराला मासळी मिळूनही अंगी लागत नाही. इन्सुलिनवाचून ते झिजून मरते. आमचा बंड्या बोका दोन वर्षे सुईवर आहे आणि कौलांवरून उड्या मारतो आहे.

आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना मधुमेह होता. ते १९२० साली गेले. त्यांच्या हयातीत पथ्याखेरीज त्यावर खरा उपाय नव्हता. माणसाला पहिले इन्सुलिन टोचले गेले ते १९२२ च्या जानेवारीत, टोरँटोला. त्याआधी ते पारखले गेले कुत्र्यांवर. तेव्हा मुक्या जनावरांचे हे ऋणच म्हणायचे.

मांजर एरवी पाणी बेताचे पिते. ते सारखे भांड्याशी दिसू लागले, लघवी वाढली, खाऊनही वाळू लागले, तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. लठ्ठ, खच्ची केलेल्या, उतारवयाच्या बोक्यांत हा रोग अधिक. मात्र भेदरलेल्या मांजराची साखर भीतीनेही चढते, म्हणून एकाच तपासणीवर निदान करीत नाहीत.

सुई बारीक असते. बंड्या ताटलीत तोंड घालून बसला की मी कुशीची कातडी चिमटीत धरते; त्याला पत्ताही लागत नाही. बहुधा बारा तासांनी एकदा, असे दिवसातून दोनदा द्यावे लागते. दूधभात बंद, कारण मांजराची जात मांसाहारी. लवकर उपचार झाले तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटतेही.

आता नीट ऐका. आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन ताकदींचे मिळते. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. १०० चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने मोजले तर अडीचपट जाईल! घरातल्या कुणाचे इन्सुलिन वा गोळ्या आपल्या मनाने मांजराला देऊ नयेत.

साखर चढण्यापेक्षा एकाएकी उतरणे जास्त घातक. मांजर लटपटले, थरथरले, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळा आणि तडक डॉक्टर गाठा. ते जेवले नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका. सासू-सुना दोघींनीही टोचण्याचा धोका असतो, म्हणून आमच्याकडे टोचल्याबरोबर कॅलेंडरवर टिंब पडते. टिंबाविषयी शंका आली तर ती सुई चुकवायची, दुसरी द्यायची नाही.

कुपी फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. पावसाळ्यात वीज गेली की मी ती डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवते.

कुणाला सुई धरायची धास्ती वाटत असेल, तर सकाळी सातला आमच्या ओटीवर या. बंड्याची न्याहारी तेव्हाच असते.