असीरगड : एक गड, दोन आज्ञा



स्नेहलतागंजातील मराठी घरांत गड म्हटला की रायगड-राजगडच आठवतात. मराठ्यांचे इंग्रजांशी झालेले अखेरचे युद्ध मात्र ज्या गडापाशी संपले, तो आपल्याच दक्षिणेच्या वाटेवर, बऱ्हाणपूरजवळ सातपुड्यात उभा आहे.

असीरगड पायथ्यापासून सुमारे 850 फूट उंच. असीरगड, कमरगड व मलयगड अशी त्याची तीन पदरी तटबंदी. माथ्यावर फारुकी सुलतानांची मशीद आणि अश्वत्थाम्याच्या दंतकथेचे शिवमंदिर. दख्खनचे हे दार 1601 मध्ये अकबराला दीर्घ वेढ्यानंतर मिळाले, तेही तट फोडून नव्हे, शरणागतीने.

1819 मध्ये गड दौलतराव शिंद्यांचा होता आणि किल्लेदार होते यशवंतराव लाड. नागपूरचे परागंदा आप्पासाहेब भोसले यांना आश्रय दिल्याचा इंग्रजांचा आरोप होता. गड सोडण्याची शिंद्यांची उघड आज्ञा आली. लाडांनी ती मानली नाही. 9 एप्रिलला, तोफांच्या भडिमारानंतर, गड पडला. पुढे आप्पासाहेब सांगतील तसे वागावे, अशा आशयाचे शिंद्यांचेच पत्र आत सापडले. त्याचा दंड म्हणून इंग्रजांनी गड कायमचा ठेवून घेतला.

मग लाडांना आज्ञाभंजक म्हणावे की स्वामिनिष्ठ? धन्याच्या दुटप्पीपणाचे ओझे चाकराच्या शिरी येते, हे त्या पडक्या बुरुजांचे मुके सांगणे आहे. सह्याद्रीतील गड आपल्याला अभिमान शिकवतात. असीरगड विवेक शिकवतो. शाळेने दोन्ही शिकवावेत, एवढीच प्रार्थना.