शेतशाळा चालवते कोण?

(शेती आणि शिक्षण यांची सांगड घालून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नाशिक येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'शेतशाळा कशी चालवावी' हा आजच्या बैठकीचा विषय. सकाळपासून आपण गांडूळखत, बियाणे, पाणी आणि देणग्या यांवर ऐकले. मी शेतीतली तज्ज्ञ नाही. समाजकार्याचे शिक्षण घेऊन मी बायकांबरोबर काम करते. म्हणून या विषयातला एकच शब्द मी उचलणार आहे: 'चालवणे'. शेतशाळा चालवते कोण?

असे विचारले की आपण संस्थापकाचे नाव सांगतो. ते योग्यच आहे. नोकरीची वाट सोडून माळरानावर राहायला जाणे सोपे नसते. पण पहाटे गोठ्यात कोण जाते? शिबिराला आलेल्या चाळीस मुलांच्या भाकऱ्या कोण थापते? पुढच्या पेरणीचे बियाणे निवडून कोण ठेवते? रात्री एखाद्या मुलीला ताप आला तर ती कुणाला उठवते? त्या बाईला आपण ताई म्हणतो, मावशी म्हणतो, वहिनी म्हणतो. आपण तिला नाते देतो, पद देत नाही. अहवालात ती 'यांचेही सहकार्य लाभले' या एका ओळीत येते.

कुठल्याही शेतावर हे वाईटच. पण शेतशाळेत ते जास्त वाईट, कारण तिथे मुले शिकायला येतात. कंपोस्टचा खड्डा कसा भरायचा हे ती पाहतात, तसे बैठकीत कोण बसते आणि चहा कोण आणते हेही पाहतात. दोन्ही धडे ती घरी नेतात.

लक्ष्मीबाई पाटलांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी सोवळेओवळे बाजूला ठेवून चूल सांभाळली. धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या गेल्या. 'कमवा आणि शिका' या मंत्राने पुढे हजारो मुले शिकली. ही गोष्ट सांगताना आपला गळा दाटून येतो, आणि तिथेच आपण थांबतो. लक्ष्मीबाईंचा त्याग आपल्याला पाठ आहे. पण रोज इतक्या मुलांना जेवू घालणारी बाई संस्थेची चालकच असते, हे आपण कधी म्हणतो का? त्यागाचे कौतुक केले की हक्काचा प्रश्न विचारावा लागत नाही. आजच्या संस्थांत या कौतुकापासून सावध राहायला हवे.

आता दुसरे उदाहरण. डहाणू तालुक्यातली कोसबाडची टेकडी. गोखले एज्युकेशन सोसायटीचे मुख्यालय आपल्या नाशकात आहे. तिची शेतीसंस्था या टेकडीवर 1949 पासून आहे आणि 1976 साली तिथे कृषी विज्ञान केंद्र आले. याच टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांचे शिक्षण उभे केले. ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम कोसबाडला नेले. अनुताई बालविधवा. शिकत शिकत त्यांनी पन्नाशीनंतर पदवी घेतली आणि 1973 साली ताराबाई गेल्यावर हे काम पुढे चालवले.

या दोघींनी पहिल्यांदा काय केले? मुले शाळेत का येत नाहीत, हे पाहिले. मुलगे गुरांमागे जात होते आणि मुलींच्या कडेवर धाकटे भावंड होते. दोघींनी पालकांना दोष दिला नाही. मुले गुरे चारतात त्या कुरणातच शाळा नेली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्या एकत्र व्यवस्थेला विकासवाडी हे नाव पडले. भावंड पाळण्यात निजले की ताईचे हात पाटीसाठी मोकळे. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात भरवली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. 1975 साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेने तो देशभर नेला.

कोसबाडकडून शिकायचे ते हे, की शाळेचे वेळापत्रक शिकणाऱ्याच्या कामाचे तास पाहून बनले. आपण आपल्याकडे पाहू. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याच्या बायका दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला येतात. विरळणी, डिपिंग, काढणी या कामांत दिवस जातो. पोरी बांधावर भावंडे सांभाळतात. आणि आपली शिबिरे कधी असतात? मे महिन्यात, कारण शहरातल्या मुलांना तेव्हा सुट्टी असते. त्याच महिन्यात पाड्यांवरच्या बायका आणि मुली पाण्यासाठी मैलोन् मैल चालतात. मग आपण म्हणतो, 'स्थानिक महिलांचा प्रतिसाद कमी होता.' प्रतिसाद कमी नव्हता, डोक्यावर हंडा होता.

तिसरे उदाहरण पाबळचे. शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग आणि मीराताई कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेली, शाळा सोडलेली मुले तिथे हाताने काम करून शिकतात. पुढे हा अभ्यासक्रम अनेक शाळांत गेला. त्याचे चार भाग आहेत: शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, आणि गृह व आरोग्य. 'मुलींसाठी शिवण, मुलांसाठी वेल्डिंग' अशी वाटणी त्यात नाही. चारही कामे सगळ्यांनी शिकायची. वर्षानुवर्षे आपण श्रमविभागणीवर व्याख्याने देत आलो. वेल्डिंगचा चष्मा लावलेली मुलगी आणि पदार्थ शिजवून त्याचा खर्च मांडणारा मुलगा शेजारी शेजारी उभे राहिले, तर व्याख्यान निम्मे होऊन जाते.

पण कामाची वाटणी सुधारली तरी कागद उरतोच. तो धडा आपल्याच जिल्ह्यात सुरू झाला. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले आणि प्रचंड संख्येने शेतकरी बायका तिथे आल्या. त्यानंतर, 1990 च्या सुमारास, 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली: नवऱ्याने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा. 1991 साली 'सीताशेती' आली: बाईने छोट्या तुकड्यावर, बाजारातून फारसे काही विकत न आणता, स्वतःच्या निर्णयाने शेती करायची. त्या संघटनेच्या अर्थकारणाशी आपल्यापैकी कित्येकींचे मतभेद होते, आजही आहेत. पण जी बाई जमीन कसते तिचे नाव सातबाऱ्यावर का नाही, हा प्रश्न गावच्या पारावर पोचला, हे मान्य करायला हवे.

1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली केंद्राने कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला. तरीही 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायका होत्या सुमारे 14 टक्के. शेतात वाकलेल्या पाठी मोजल्या असत्या तर आकडा काय आला असता, हे मी सांगायला नको.

आपल्या संस्थांचा सातबारा म्हणजे विश्वस्तांची यादी. मी एका संस्थेत काही काळ काम केले. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका संस्थेचा नाही. शेत आणि वसतिगृह चार बायका चालवत होत्या. विश्वस्तांत एकच बाई, अध्यक्षांची पत्नी. तिला सभेची तारीख सही करताना कळे. हजेरीपटावर पुरुषांपुढे 'कामगार' आणि बायकांपुढे 'मदतनीस', आणि मजुरीतला फरक त्या एका शब्दावर उभा. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा या देशात 1976 साली आला. सेवेच्या नावाखाली चालणाऱ्या संस्थेला समान वेतनाच्या नियमातून सूट नाही.

म्हणून घरी गेल्यावर तीन कागद काढून पाहा, एवढीच माझी विनंती आहे.

पहिला, विश्वस्तांची यादी. जी बाई रोज शेत चालवते ती त्यात आहे का? नसेल तर रीतसर ठराव करा, तिची निवड करा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज दाखल करा. बदल झाल्यापासून 90 दिवसांची मुदत असते. काम किचकट आहे, अशक्य नाही.

दुसरा, हजेरीपट. कामाचे नाव लिहा, नाते लिहू नका. 'मावशी' नव्हे, 'स्वयंपाकघर-प्रमुख'. 'वहिनी' नव्हे, 'रोपवाटिका-प्रमुख'. पदाबरोबर पगार आणि सुट्टी आपोआप येत नाही, पण मागायला जागा होते.

तिसरा, तक्रारीचा कागद. शेतशाळेत मुली राहतात, स्वयंसेविका येतात, रात्रीची शिबिरे होतात. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ट्रस्टना आणि स्वयंसेवी संस्थांनाही लागू आहे. विनावेतन काम करणारी, प्रशिक्षण घेणारी बाईही त्यात मोडते. दहा किंवा जास्त माणसे काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी आणि एक सदस्य संस्थेबाहेरची हवी. दहापेक्षा कमी असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तिचा पत्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा, कार्यालयाच्या कपाटात नको. 'आमच्याकडे कुटुंबासारखे वातावरण आहे' हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. कुटुंबात काय काय घडते हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे?

काही जण म्हणतील, माणसे थोडी, पैसा थोडा, हे सगळे जमायचे कसे? ही अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. देणगी वेळेवर येत नाही, विहीर आटते, शिकवलेले मूल शहरात निघून जाते. अशा वेळी संस्था टिकते ती न बोलता जास्तीचे काम ओढणाऱ्या माणसांमुळे, आणि ती माणसे बहुधा बायका असतात. ज्यांच्या पाठीवर अडचणीचे ओझे टाकतो, त्यांना ते वाटायचे कसे हे ठरवण्याच्या बैठकीत बसवले तर ओझे जास्त होणार नाही.

पुढची बैठक भरेल तेव्हा प्रत्येक शेतशाळेकडून दोघांनी यावे अशी माझी सूचना आहे. त्यातली एक स्वयंपाकघरातून किंवा गोठ्यातून यावी. तिच्या वाट्याचे काम त्या दिवशी कोण करणार, हे मात्र ती निघण्याआधी ठरवा. नाहीतर ती येईल, आणि परत गेल्यावर रात्री बारापर्यंत दोन दिवसांची भांडी घासत बसेल.