मेलबर्नला बोट थांबली आणि पप्पांना बार्शी लाइट भेटली

सिडनीहून निघालेल्या आमच्या क्रूझचा मेलबर्नचा दिवस आज सांगतो.

बोट सकाळी आठला स्टेशन पिअरला लागली. साडेचारच्या आत परत चढायचं. बोटीच्या टूरने गेलात तर उशीर झाला तरी सहसा बोट थांबते. आपलं आपण गेलात तर टाटा! पण टूरचा तिघांचा खर्च बघितला आणि म्हटलं, राहू दे. मायकी कार्डं घेतली, १०९ नंबरची ट्राम पकडून शहरात, आणि फ्लिंडर्स स्ट्रीटहून बेलग्रेव्हची लोकल. तास-सव्वा तास लागतो. मी कोडला टेस्ट लिहायचा कंटाळा करतो, पण इथे प्रत्येक टप्प्याला बफर ठेवला होता.

बेलग्रेव्हहून निघते पफिंग बिली. डँडेनाँगच्या डोंगरातली ही वाफेची गाडी १९०० साली सुरू झाली. १९५३ मध्ये दरड कोसळली आणि बंद पडली. मग गाडीवेड्या लोकांनी सोसायटी काढून १९६२ पासून ती टप्प्याटप्प्याने परत चालू केली. आजही तिथे खूप जण स्वयंसेवक म्हणून राबतात.

आम्ही बार्शीचे. प्लॅटफॉर्मवर उभं राहून पप्पा नुसते रूळच बघत होते. म्हणाले, "आरं, अडीच फुटी हाय ही! आपली बार्शी लाइटच की!" गुगल केलं, तर खरंच. दोन्हीकडे ७६२ मिलिमीटर. बार्शी लाइट १८९७ ची, म्हणजे आपली तीन वर्षांनी मोठी. त्याच गाडीतून पप्पा लहानपणी आज्जीबरोबर पंढरपूरला जायचे.

पफिंग बिलीत लोक खिडकीच्या कठड्यावर बसून पाय बाहेर सोडतात. ६४ वर्षांचे पप्पाही बसले. आई ओरडतेय, "अहो, पडाल!" ऐकतंय कोण! गाडी मॉनबल्क क्रीकच्या लाकडी पुलावर वळली तेव्हा पुढचं इंजिन धुरासकट अख्खं दिसलं. खाली निलगिरी आणि माणसापेक्षा उंच नेचे. पप्पा गप्प होते. डोळ्यात कोळशाचा कण गेला म्हणाले. मी विचारलं नाही.

लेकसाइडला इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जोडतात. शिट्टी झाली आणि पप्पा गायब! माझा सगळा बफर डोळ्यांसमोर. शेवटी सापडले इंजिनाजवळ. एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाला हातवारे करून पंढरपूरची वारी समजावत होते, आणि तोही मान डोलावत ऐकत होता! ओढतच डब्यात आणलं.

बोटीवर चढलो तेव्हा चार वाजून आठ मिनिटं. बफर उरला बावीस मिनिटं.

तुम्ही जाणार असाल तर तिकीट आधी काढा. आणि उन्हाळ्यात वणव्याचा धोका म्हणून आग पेटवायला पूर्ण बंदी असलेला दिवस निघाला, तर डिझेल इंजिन लावतात, हे लक्षात ठेवा. तसं झालं असतं तर पप्पांनी मला बोटीवरून ढकललं असतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.