दप्तरापासून भिंतीवरच्या फलकापर्यंत
(रेडिओवरील भाषण)



कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही जी तीन नगरे एकमेकांस लागून वाढली आहेत, त्यांच्या परिसरात, म्हणजे मोरिवली, आनंदनगर, खरवई, माणकिवली येथील औद्योगिक वसाहतींत, रसायनांचे, रंगांचे आणि औषधी द्रव्यांचे कितीतरी कारखाने चालतात. आणि २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे १०८ वे कलम असे सांगत असे की, त्या अधिनियमाखाली लावावयाची प्रत्येक सूचना इंग्रजीत तर असावीच, परंतु त्याखेरीज तेथील बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही असावी. या सूचनांचा अनुवाद तपासला कसा जातो, आणि तपासताना सापडलेल्या चुकीचे पुढे काय होते, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. बदलापुरात राहून अनुवाद तपासण्याचे काम मी करतो, म्हणून तो मला जिव्हाळ्याचा वाटतो.

एक वाक्य घेऊ. तीव्र गंधकाम्ल सौम्य करावयाचे असता पाण्यात ॲसिड हळूहळू ओतावे, ॲसिडात पाणी कदापि ओतू नये, हा नियम प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास प्रथम शिकविला जातो. कारण या मिश्रणातून प्रचंड उष्णता निर्माण होते, आणि ॲसिडावर पाणी पडले तर वरचे पाणी तत्क्षणी उकळून ॲसिडासह माणसाच्या तोंडावर उडते. आता घाईत असलेल्या अनुवादकाच्या हातून, किंवा अलीकडे यंत्राच्या हातून, 'ॲसिडात पाणी हळूहळू ओतावे' असे वाक्य उतरले, तर काय घडते पाहा. शब्द तेच आहेत. शुद्धलेखन निर्दोष आहे. परिभाषा कोशाप्रमाणे आहे, आणि चुकावा असा आकडा तर वाक्यात मुळी नाहीच. संगणकाची प्रत्येक ढोबळ तपासणी या वाक्यास बिनदिक्कत पुढे जाऊ देईल. ते अडविणार तो दोन्ही भाषा जाणणारा आणि वाक्य मन लावून वाचणारा परीक्षकच.

आणि परीक्षकाने ते अडविले, तरी पुढे बहुधा काय होते? मजकुराची फाईल ईमेलने त्याच्याकडे येते, तो तांबड्या अक्षरांत दुरुस्त्या करून ती परत पाठवितो, दुरुस्त मजकूर छापखान्यात जातो, आणि ती तांबडी अक्षरे कोणाच्या तरी पेटीत कायमची निद्रिस्त होतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्याची तीच सूचना दुसऱ्या अनुवादकाकडे जाते आणि तीच चूक नव्याने जन्मास येते. चुका होतात याचे मला फारसे वैषम्य वाटत नाही. एकदा सापडलेली चूक दप्तरात राहत नाही, ही मात्र मला अक्षम्य गोष्ट वाटते.

अनुवादाचे गुणदोष मोजण्याच्या पद्धती काही नव्या नाहीत. 'लिसा' या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९५ साली अशी एक पद्धत तयार केली. मोटारींच्या दुरुस्तीपुस्तिकांसाठी अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने २००१ साली दुसरी काढली. पुढे युरोपात 'एमक्यूएम' नावाचे सविस्तर वर्गीकरण सिद्ध झाले, आणि २०२४ साली या विषयावर 'आयएसओ ५०६०' हे मानकही प्रसिद्ध झाले. प्रत्येक चुकीचा प्रकार ठरवावयाचा, मग तिचे गांभीर्य ठरवावयाचे, हा त्यांचा गाभा. किरकोळ चुकीस १, मोठ्या चुकीस ५ आणि जीवावर बेतणाऱ्या चुकीस २५ असे दंडगुण देण्याचा प्रघात आहे. या पद्धतीवर चालणारी साधने आज उपलब्ध आहेत. अडचण एवढीच की, अनुवादांचा साठा एका जागी, म्हणजे डेटाबेसमध्ये, आणि गुणवत्ता तपासणारे साधन दुसऱ्या जागी. आणि या दोहोंमध्ये मजकुराच्या नकला करीत बसणारा कारकून लहान कार्यालयास परवडत नाही, म्हणून तपासणीच बंद पडते.

येथे ती नवी सोय उपयोगी पडते, जिला 'नो-कोड' म्हणतात. २०११ साली निघालेले झॅपियर, पूर्वी इंटिग्रोमॅट या नावाने ओळखले जाणारे मेक, किंवा २०१९ साली बर्लिनमधून आलेले एन-एट-एन, यांपैकी कोणतेही घेतले तरी त्यांचे कार्य सरकारी कचेरीतील बारनिशीच्या कारकुनासारखे असते: आलेला कागद नोंदवावयाचा, त्यावर क्रमांक घालावयाचा, योग्य टेबलावर पोचवावयाचा, आणि शेरा होऊन परत आला की मूळ नोंदीसमोर तो चढवावयाचा. प्रोग्रॅमिंगचे ज्ञान नसलेल्या माणसासही, पडद्यावर चौकटी मांडून आणि त्या रेषांनी जोडून, ही व्यवस्था उभी करता येते. एअरटेबलसारख्या तक्त्यात प्रत्येक वाक्यास एक ओळ द्यावी. तीत मूळ वाक्य, अनुवाद, भाषा, अनुवादक आणि कामाची स्थिती यांचे रकाने असावेत. स्थितीच्या रकान्यात 'अनुवाद पूर्ण' अशी नोंद झाली की ती ओळ आपोआप गुणवत्तेच्या साधनाकडे जाते, तेथे परीक्षकाच्या नावावर काम उघडते, आणि त्याने शेरा मारताच चुकीचा प्रकार, दंडगुण आणि सुचविलेली दुरुस्ती त्याच ओळीत परत येऊन बसते. 'त्याच ओळीत' हे शब्द मी मुद्दाम उच्चारतो. कारण प्रत्येक ओळीचा न बदलणारा क्रमांक जाताना सोबत धाडला नाही, तर परत येणारा शेरा भलत्याच वाक्यास चिकटतो, आणि अशा दप्तरापेक्षा दप्तर नसलेले बरे.

परंतु चौकटी जोडण्यापूर्वी करावयाचे एक काम आहे, आणि त्याकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष होते. कामगाराच्या तोंडी असलेला 'ॲसिड' हाच शब्द पाहा. त्याचे आद्याक्षर संगणकावर एकाच प्रकारे उमटते असे नाही. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आले ते २००८ साली, आणि महाराष्ट्र शासनाने ॲ व ऑ या स्वरांस वर्णमालेत स्थान दिले ते ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने. तत्पूर्वी कोणी 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्राची खूण चढवीत असे, कोणी त्या दोहोंच्या मध्ये डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह घालीत असे, तर कोणी हिंदीच्या वळणाने 'ए'वर अर्धचंद्र असलेले अक्षर वापरीत असे. आणि हे सर्व प्रकार आजही बिनघोर चालू आहेत. स्वतंत्र अक्षर 'ॲ' धरून यांतील पहिले तीन कागदावर हुबेहूब सारखे दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ते तीन भिन्न शब्द आहेत. परिणामी शब्दावलीत 'ॲसिड' असूनही साधन अनुवादकास दोष लावते, आणि जुन्या चुका शोधू जावे तर त्यांतील निम्म्या हाती लागत नाहीत. हीच गोष्ट अंकांची: मूळ वाक्यातील इंग्रजी अंक आणि अनुवादातील देवनागरी अंक हे एकच आहेत, हे काही साधनांना कळत नाही, आणि खोट्या दोषांचा असा पाऊस पडतो की, ०.५ चे ५ झालेले खरे स्खलन त्यात बुडून जाते. म्हणून डेटाबेस आणि साधन यांच्या दरम्यान एक चौकट अशी ठेवावी की, जी अक्षरे आणि अंक एकरूप करूनच मजकूर पुढे सोडील. अर्ध्या तासाचे काम आहे. पण ते न केल्यामुळे आठपंधरा दिवसांत परीक्षकाचा विश्वास उडतो आणि सगळी योजना बासनात जाते.

उल्हासनगरसाठी काम करताना आणखी एक रकाना लागतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी बांधवांनी वसविलेले हे नगर. १९६७ साली त्यांची भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झाली, आणि ती भारतात अरबी वळणाच्या लिपीत तशीच देवनागरीतही लिहिली जाते. 'भाषा: सिंधी' एवढीच नोंद असेल, तर उजवीकडून वाचावयाचा मजकूर देवनागरी वाचणाऱ्या परीक्षकापुढे जाऊन पडेल. तेव्हा भाषेच्या रकान्याशेजारी लिपीचा रकाना अवश्य असावा.

ओळीत कोणताही बदल होताच काम सुरू करा, असा हुकूम या व्यवस्थेस कधीही देऊ नये. कारण परत आलेला शेरा हाही एक बदलच असतो, आणि मग तीच ओळ तपासणीस जात राहते, येत राहते, व महिन्याला ठरवून दिलेल्या कामांची सारी मुभा एका रात्रीत संपते. काम सुरू व्हावे ते स्थितीच्या एकाच ठरावीक नोंदीने. एन-एट-एन स्वतःच्या घरच्या संगणकावर चालविता येते, आणि कारखान्याची गोपनीय माहिती बाहेर जाऊ न देण्याच्या दृष्टीने ते मला पसंतही आहे. पण जुलैच्या ज्या पावसात २०१९ साली बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पुरात अडकली होती, तशा पावसात वीज गेली की घरचा संगणकही थांबतो, हे जाणून, न पोचलेल्या ओळी पुन्हा पाठविण्याची तजवीज आधीच करून ठेवावी.

तक्त्यातील शेवटचा रकाना मी तारखेचा ठेवतो: चुकीचा फलक भिंतीवरून उतरवून दुरुस्त फलक लावल्याची तारीख. डेटाबेसमध्ये वाक्य सुधारले म्हणजे कारखान्यातील भिंत सुधारली असे होत नाही. ॲसिडाच्या टाकीपाशी जुने वाक्य तसेच लटकत राहू शकते. हा रकाना कोणतीही स्वयंचलित व्यवस्था भरू शकत नाही. तो पाळीवरच्या पर्यवेक्षकाने, नव्या फलकाचे छायाचित्र जोडून, आपल्या मोबाईलवरील लहानशा फॉर्ममधून भरावयाचा असतो. आणि तो भरला जाईपर्यंत त्या ओळीस 'काम संपले' असा शेरा कोणालाही देता येऊ नये, अशी अट मी त्या तक्त्यास घालून ठेवली आहे.